गोलात उभा गावचा जावई

सोलापूर,
१२ जुलै १९३६

तीर्थरूप आबा,

पत्र जोतीराम गुरुजी वाचून दाखवतील म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. गुरुजी, तुम्हालाही नमस्कार. नवा चष्मा आला का?

मी बरी आहे. यंदा शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. तुमचे जावई बरे आहेत. इंजिनं पुसायच्या कामावरून त्यांना आता कोळसा घालायच्या कामावर घेतलं आहे, त्यामुळे घरी येतात ते डोळ्यांवरून ओळखावे लागतात. सासूबाई मल्लव्वांचा दमा पावसाळा असूनही गप्प आहे, त्या मात्र गप्प नाहीत.

लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या वळसंगची पोरं इथं गिरणीत कामाला आहेत, रामहरी, मायाप्पा आणि बाकीची. त्यांची फुटबॉलची टीम आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. आजवर ही टीम सोलापुरात कुणाकडूनही मार खाऊन यायची. यंदा गिरणीच्या साहेबानं त्यांना शिकवायला एक माणूस आणला. कागदावर त्याला कोच म्हणतात, पोरं तालमीतल्यासारखं वस्ताद म्हणतात.

आबा, हा माणूस खेळावर पोट भरत होता. मुंबईच्या एका गिरणीनं त्याला साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला म्हणून ठेवलं, पण साच्याला त्याचा हात कधी लागला नाही. त्यानं फक्त खेळायचं आणि गिरणीचं नाव राखायचं. तिथून त्याला कलकत्त्याच्या क्लबानं नेलं. समोर बूट घातलेले गोरे सोल्जर, हा अनवाणी, आणि तरी बॉल याच्याच पायाशी. वर्तमानपत्रात नाव यायचं. मग एका सामन्यात गुडघा मोडला. आता स्वतःला पळता येत नाही, म्हणून पळणाऱ्यांना शिकवतो.

शाळेतून सात रस्ता चौकावरून घरी येताना ते मैदान लागतं. तिथं थोडा वेळ थांबलं तर चालेल का, हे मी आमच्या मोठ्या बाईंना आधी विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, छत्री उघडी ठेव म्हणजे झालं. तेव्हापासून पाऊस नसला तरी छत्री उघडून उभी राहते.

पहिले काही दिवस वस्तादानं पोरांना बॉलच दिला नाही. मायाप्पा कंटाळून म्हणाला, "वस्ताद, आमी फुटबॉल खेळाया आलोय, नुसतं पळाया न्हाय."

वस्ताद म्हणाला, "बॉल एक हाय आन तुमी अकरा. म्हंजे दहा जणांना बॉलाबिगरच खेळायचंय. त्ये आदी शिका की."

पूर्वी ही पोरं बॉल जाईल तिकडं सगळी मिळून धावायची. आता पसरून उभी राहतात, आणि बॉल यायच्या आधीच जागेवर जाऊन थांबतात. बघायला फार छान वाटतं.

साहेबानं स्पष्ट सांगितलं आहे की यंदाचा कप आणला तर टीम राहील आणि वस्तादही राहील. नाही आणला तर टीम मोडायची. मग वस्ताद बंगळूरला जाणार, तिकडून बोलावणं आलेलं आहे. एकदा तिकडं गेलो की या बाजूला तोंड फिरवणार नाही, असं तो म्हणतो.

तुम्ही एकदा येऊन खेळ बघून जावा. वस्तादाचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. तुम्ही विचारलंत तर लिहीन.

तुमची केरा


सोलापूर,
२६ जुलै १९३६

आबा,

गुरुजींचं कार्ड मिळालं. तुमचे शब्द त्यांनी जसेच्या तसे उतरवले आहेत: "नाव लिवायची तसदी नगं. लंगडतोय कोण त्ये वळसंगच्या शेरडांना बी ठावं हाय. त्याला म्हणावं, मेंढरं टाकून गेलेला गडी माणसं काय राखणार."

होय, दादाच आहे, तुमचा धुळाप्पा. नाव आधी लिहिलं असतं तर तुम्ही पत्र तिथंच थांबवायला सांगितलं असतं. मला निदान एक पत्र शेवटपर्यंत वाचलं जायला हवं होतं.

तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. सीना नदीकाठी आपला मुक्काम होता, भर चराईचे दिवस होते, आणि लोकर विकायला सोलापूरला गेलेला धुळाप्पा सांगून न सवरून तिकडंच राहिला. का, तर मिशनच्या मैदानावर खेळ चालला होता, यानं बाहेर आलेला बॉल परत लाथाडला आणि तो पार पलीकडच्या गोलात गेला. लोकांनी याला घेरून धरलं आणि हा विरघळला. मागं मेंढरं चुलत्यांच्या भरवशावर, आणि लांडग्यानं डाव साधला. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आईनंही जाताना त्याचं नाव तुमच्यासमोर घेतलं नाही, हळूच माझ्या कानात घेतलं.

पण आबा, त्यानं नंतर जे केलं तेही ऐका. सोलापूरच्या पोराला मुंबईत कोण विचारतं? पहिलं वर्षभर त्यानं दुसऱ्यांचे बूट पुसले आणि राखीव म्हणून बाहेर बसला. एकदा पावसात मैदानाचा चिखल झाला, बूटवाले घसरून पडायला लागले, आणि अनवाण्या गड्याला आत घेतलं. त्या दिवशी त्यानं दोन गोल केले आणि पुन्हा कधी बाहेर बसला नाही. गुडघा मोडल्यावर त्याच लोकांनी त्याला दवाखान्यात ठेवून पाठ फिरवली. दुसरा कुणी दारूला लागला असता. दादानं पलंगावर पडल्या पडल्या आपण कुठं चुकायचो हे मनात घोळवलं, आणि ते आता तो पोरांना शिकवतो. चुका शिकवणारा मास्तर मी आमच्या ट्रेनिंग कॉलेजातही पाहिला नाही.

तो वळसंगच्या पोरांबरोबर चाळीत राहतो. रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. तुमचे जावई आणि तो यांचं छान जमतं, मात्र फुटबॉलवरून सारखी जुंपते, कारण जावई रेल्वेच्या टीममध्ये गोलकीपर आहेत. म्हणजे समोरच्या पार्टीत.

गुरुजी, आता या पुढच्या ओळी आबांना वाचून दाखवू नका. दादा रोज पोरांना मेंढरांचं विचारतो. कोणती व्याली, कोणती दगावली, आबा अजून स्वतः राखायला जातात का. मी म्हटलं, मोटारीनं जाऊन समक्ष बघून ये ना. तर म्हणतो, "आबांनी बोलीवल्याबिगर न्हाय. मी माझ्या पायानं गेलो, पर माझ्या पायानं परत जायला मला तोंड न्हाय." गुरुजी, आबांच्या मनात काय आहे ते तुम्हाला कळलं तर मला कळवा. इथून पुढं वाचायला हरकत नाही.

लोकर कातरणी कधी सुरू करणार?

केरा


सोलापूर,
१६ ऑगस्ट १९३६

आबा,

गुरुजींनी त्या ओळीही तुम्हाला वाचून दाखवल्या. कार्डावर तुमचं वाक्य होतं, "तोंड न्हाय म्हणतो त्येवढं तरी बरं." मी गुरुजींवर दोन दिवस रागावले होते, मग राग गेला. आता काहीच झाकून लिहायची गरज उरलेली नाही.

काल गिरणी आणि रेल्वे यांचा सामना झाला. बाकी सगळ्या टीमांना आपल्या पोरांनी हरवलं आहे. काल मात्र एका गोलानं हरली. का हरली हे सांगायला मला लाज वाटते आणि हसूही येतं.

या खेळात असा नियम आहे की गोलकीपरच्या हातात बॉल असला तर त्याला खांद्यानं ढकलता येतं. हातानं नाही, पायानं नाही, फक्त खांद्यानं. ढकलून त्याला बॉलासकट रेघेच्या आत घातलं तर गोल. सगळ्या टीमा हे करतात. आपली पुढची पाचही पोरं वळसंगची, अंगानं दणकट, त्यात ती पटाईत आहेत. सराव करताना दादा दुसऱ्या कुणाला गोलात उभा करतो तेव्हा एडक्यासारखी येऊन आदळतात.

काल गोलात तुमचे जावई होते.

पहिल्याच डावात त्यांनी उंच आलेला बॉल छातीशी धरला. रामहरी समोर चार हातांवर. रेघ मागं अगदी जवळ. दादा बाहेरून ओरडला, "घाल खांदा!" रामहरी तिथंच थांबला, टोपीला हात लावला आणि म्हणाला, "दाजी, सांभाळून हं. जमीन वली हाय."

सगळं मैदान हसलं. तुमचे जावईसुद्धा हसले आणि सावकाश बॉल लांब मारून दिला. तेच मायाप्पाचं. तेच बाकीच्यांचं. एकदा तर बॉल त्यांच्या हातून निसटला, तेव्हा आपल्याच पोरानं उचलून दिल्यासारखा पायानं त्यांच्याकडं सरकवला. शेवटी रेल्वेनं गोल केला आणि खेळ संपला.

सामना संपल्यावर दादा पोरांना झाडाखाली घेऊन बसला. मी छत्री घेऊन मागं उभी होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

दादा म्हणाला, "ह्यो काय सोयरिकीचा कारेक्रम हाय व्हय रे? पानसुपारी तेवढी द्यायची राहिली!"

रामहरी खाली बघत म्हणाला, "वस्ताद, गावचा जावई हाय त्यो. आबांनी भर मांडवात पाय धुतल्यात त्याचं. आमी सगळी तितं हुतो. पाणी मीच वतत हुतो. त्या माणसाच्या छाताडावर मी खांदा घालू?"

"मैदानात जावई न्हाय, गोलकीपर हाय त्यो."

"मैदान सोलापुरात हाय, वस्ताद. आमाला घरला वळसंगात जायचंय. माझी आय मला घरात घील का? केराक्काच्या नवऱ्याला पाडून आलो म्हणून?"

मायाप्पा म्हणाला, "एक हाय. आबांनी सांगितलं तर. ज्यानं पोरगी दिली त्यानंच म्हटलं की पाडा, तर आमी पाडू. दुसऱ्या कुणाचं न्हाय चालायचं. तुमचं बी न्हाय, वस्ताद. राग नका मानू, पर तुमीच तर घरात न्हाई."

दादा उठून गेला.

कपासाठी शेवटचा सामना सहा सप्टेंबरला, रविवारी, पुन्हा याच दोन टीमांमध्ये आहे. म्हणून मी तुम्हाला विचारते आहे. पोरांना एवढं सांगा की मैदानात जावयाला खांदा लावायला तुमची हरकत नाही. गुरुजींच्या कार्डावर एक ओळ पुरे.

दादाला न सांगता मी हे लिहिते आहे. त्यानं बजावलं आहे की माझ्यासाठी आबांकडं काही मागू नकोस. पण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं मला बरं वाटेना, म्हणून मी तुमच्या जावयांना विचारलं. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "लिही की. मी काय मडकं हाय का फुटायला? पर सांगून ठेवतो, ती पोरं मला हलवू शकायची न्हाईत."

सासूबाईंनी मात्र मला धारेवर धरलं. "माझ्या पोराला पाडा म्हणून तू तुझ्या बापाला पत्र लिवतीस व्हय ग? हेच्यासाटी शाळा शिकलीस?"

मी म्हटलं, "होय आत्या, याच्यासाठीच."

केरा


सोलापूर,
३० ऑगस्ट १९३६

आबा,

तुमचं उत्तर पोहोचलं. "जावई त्यो जावई. मांडवात काय आन मैदानात काय. मी असलं सांगणार न्हाय." पोरांना मी कार्ड दाखवलं नाही, पण वळसंगाहून त्यांना तुमचा निरोप माझ्या आधीच कळला होता. रामहरीला सुटल्यासारखं वाटलं. दादानं बंगळूरच्या लोकांना कळवलं आहे की सहा तारखेनंतर येतो.

मी तुमचं आजवर ऐकलं आहे. गुरुजींनी मला शाळेत घाला म्हणून सांगितलं तेव्हा तुम्ही भावकीचं न ऐकता मला घातलंत. पोरगी शिकून काय मेंढरांना वाचून दाखवणार का, असं लोक म्हणाले तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला दाखवंल." त्याच हक्कानं आज लिहिते आहे. गुरुजी, हे पत्र एकदम वाचा, मधे थांबू नका आणि आबांनी हात वर केला तरी वाचत राहा.

आबा, तुम्हाला जावयाचा मान राखायचा आहे असं मला वाटत नाही. जावयाचा मान जायचाच नाही, खांदा लागला तर लागला, त्यांनी स्वतः हसून होय म्हटलं आहे. तुम्हाला पोरांना निरोप द्यायचा नाही, कारण निरोप पोरांना दिला तरी तो दादाला पोहोचतो. त्याच्या कामाचं काहीतरी तुमच्या तोंडून निघावं लागतं. एवढ्यासाठीच तुम्ही अडून बसला आहात.

तो माझ्या लग्नाला आला नाही, हे खरं. कलकत्त्याला सामना होता. मला वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. मी ते त्याला तोंडावर सांगितलं आहे आणि त्यानं खाली मान घालून ऐकलं आहे. पण त्याच्यावर रागवायला मला तो समोर हवा असतो. बंगळूरला गेल्यावर मी कुणावर रागावू? आणि तुम्ही तरी कुणावर रागवाल? इथं आहे तोवर तुमच्या रागाला निदान एक माणूस आहे.

मायाप्पा म्हणाला, वस्ताद, तुम्हीच घरात नाही. पोरांच्या मनातलं खरं एवढंच आहे. दादा आपल्या घरचा असता तर त्यानं सांगितलेलं त्यांनी ऐकलं असतं. ज्याला घरच्यांनी बाहेर ठेवलं आहे, त्याच्या सांगण्यावरून घरच्या जावयाला हात कोण लावेल? ती पोरं चुकत नाहीत. तुमच्यावाचून हे सुटणार नाही.

मी पहिल्या पत्रात तुम्हाला खेळ बघायला बोलावलं होतं. आता बोलावत नाही. दादाला बोलवा, एवढंच मागते. कसं बोलवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही बोलावलंत तरी मी तुम्हाला पत्र लिहीत राहीन, पण त्यात मेंढरांचं आणि पावसाचंच असेल.



केरा


सोलापूर,
७ सप्टेंबर १९३६

आबा,

काल जे झालं ते गुरुजी तुम्हाला सांगतीलच, पण त्यांना खेळ कळत नाही. आपला गोल झाला तेव्हा त्यांनी रेल्वेवाल्यांचं अभिनंदन केलं. म्हणून मी लिहिते.

सकाळच्या मोटारीनं गुरुजी उतरले तेव्हा मी घाबरले. कार्ड न येता माणूस आला म्हणजे काही बरंवाईट झालं असं वाटलं. ते म्हणाले, "आबा म्हणाले, ही कार्डावर लिवायची गोष्ट न्हाय." आणि निरोप मला न सांगता थेट मैदानावर घेऊन चला म्हणाले.

दोन्ही टीमा उभ्या होत्या. लोक इतके की पोरं झाडांवर चढली होती. गुरुजी मैदानाच्या मधोमध गेले, वर्गात उभे राहतात तसे उभे राहिले आणि तुमचे शब्द सगळ्यांसमोर म्हणाले:

"बिरप्पाचा, केराच्या आबांचा, निरोप हाय. केराच्या लग्नात कानपिळी झाली न्हाय. नवरीचा भाऊ हजर नव्हता. त्याच्या जागी चुलतभावाला पुढं केलं नव्हतं, कारण सख्खा भाऊ जिता हाय. ती बाकी राहिलीय. थोरल्यानं आदी करायची, मग धाकट्यांनी. कानाला हात लावायचा हक्क भावांचा असतो, त्यात खांदा आलाच."

आबा, लग्नाच्या गडबडीत कानपिळी राहून गेली असं मी इतकी वर्षं समजत होते. तुम्ही ती मुद्दाम राखून ठेवली होती हे मला काल कळलं. चुलतभाऊ पुढं आला होता आणि तुम्ही त्याला मागं सारलं होतं, हेही गुरुजींनी काल सांगितलं.

दादा जागचा हलेना. तेव्हा तुमचे जावईच गोल सोडून चालत आले, त्याच्यासमोर वाकले आणि म्हणाले, "पावणं, उरका की. सामना सुरू व्हायचाय."

दादानं त्यांचा कान धरला. चांगला पिळला, आबा, तोंडदेखला नाही. जावई ओरडले, "हळू! शिट्टी ऐकाया लागती मला त्या कानानं!"

रेफरी पोलिसातला साहेब होता. त्यानं विचारलं की हे काय चाललं आहे. मायाप्पा म्हणाला, "लग्न थोडं राहिलंय, साहेब. पाच मिनटं."

कानपिळीला भावाला काही द्यावं लागतं. जावयांजवळ काय होतं? त्यांनी डोक्यावरची टोपी काढून दादाच्या डोक्यावर ठेवली. मग रामहरी, मायाप्पा आणि बाकीची पोरं रांगेनं आली आणि एकेकानं कानाला हात लावला. तोवर कान लाल झाला होता आणि लोक हसून हसून लोळत होते. फक्त दादा हसत नव्हता. तो टोपी दोन्ही हातांनी धरून उभा होता.

खेळ सुरू झाला. पहिल्यांदा रामहरी खांदा घालायला गेला आणि आपणच उडून पडला. कोळसा घालून घालून तुमच्या जावयांचे पाय रुतल्यासारखे झाले आहेत. ते त्याला हात देऊन उठवत म्हणाले, "सांभाळून हं. जमीन वली हाय." पुन्हा मायाप्पा गेला, तोही परतला. अर्धा खेळ असाच गेला. तुमचे जावई म्हणाले होते ते खरंच होतं, एकट्यादुकट्याला ते हलणारे नव्हते.

मधल्या सुट्टीत दादानं पोरांना फक्त एवढंच सांगितलं: "बॉल हाताशी आल्यावर त्यो हलायचा न्हाय. बॉल वर असताना त्याचे पाय सुटत्यात. तवा जा. आन एकानं न्हाय, दोगांनी."

नंतर उंच बॉल आला, जावयांनी उडी मारून धरला, आणि ते खाली येत असतानाच रामहरी एका अंगाला आणि मायाप्पा दुसऱ्या अंगाला भिडले. तिघंही बॉलासकट रेघेच्या आत. शिट्टी वाजली. गोल.

माझे हात टाळी वाजवायला वर गेले आणि छत्री खाली पडली. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू कुणाच्या बाजूनं हाईस ग?"

मी म्हटलं, "दोघांच्या."

"दोगांच्या बाजूनं कुणी नसतंय मॅचीत." मग थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "टोपी दिली म्हणून डोळ्यात ऊन गेलं माझ्या पोराच्या. न्हाईतर त्यो पडला नसता."

राहिलेल्या वेळात रेल्वेनं फार जोर केला, पण आपली पोरं पसरून उभी राहिली आणि एकही बॉल आत जाऊ दिला नाही. एका गोलानं कप गिरणीकडं आला. साहेबानं मैदानावरच सांगितलं की वस्ताद पुढच्या वर्षीही इथंच. दादानं बंगळूरला नकार लिहायला मला सांगितलं आणि मी तो काल संध्याकाळीच पेटीत टाकून आले. आधी लिहून ठेवला नव्हता, हे खरं सांगते. मजकूर मात्र पाठ होता.

जावयांना फार लागलेलं नाही. कोपर सोललं आहे. ते दादाला म्हणाले, "पुढच्या साली बी हेच करणार आसशील तर मला दुसरं काय तरी द्यावं लागंल. टोप्या किती आणू?" दादा म्हणाला, "कानपिळी एकदाच असती." जावई म्हणाले, "मग पुढच्या साली कप आमचा."

एक राहिलं. सगळे पांगल्यावर दादा गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, आबा हे म्हणाले तवा काय करत हुते?"

गुरुजी म्हणाले, "लोकर कातरत होते."

"कातर थांबली हुती?"

"न्हाय. कातरता कातरताच बोलले. मी दोनदा विचारलं तर म्हणाले, ऐकू आलं न्हाय व्हय?"

तेव्हा दादा हसला. काल पहिल्यांदा हसला. म्हणाला, "हीच त्येंची रीत. म्हंजे खरंच म्हणाले."

गुरुवारी तो वळसंगला येतो आहे. मोटारीनं ये म्हटलं तर ऐकत नाही, चालतच येणार म्हणतो, मग वाटेत गुडघ्याला कितीही विसावा द्यावा लागो. तुमचे जावई सायकल घेऊन मागून येतील. त्यांना सांगितलं आहे की फार जवळ राहू नका, पण नजरेआड जाऊ देऊ नका.

आबा, या पत्राला उत्तर पाठवू नका. गुरुजींनाही सांगते, कार्ड आणू नका. काय म्हणायचं असेल ते आता दादाला म्हणा, तो तुमच्यासमोर बसलेला असेल.

केरा